विजेची तुरटी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी काय करते? तुरटीचा खडा हंड्यात चार-सहा वेळा फिरवते. थोड्या वेळानं गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी! आता समजा, तुरटी नाहीच. तिच्याऐवजी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या पाण्यात बुडवल्या आणि वीज सोडली, तर? तरीही पाणी निवळतं! या युक्तीचं नाव 'इलेक्ट्रोकोॲग्युलेशन'. जीभ अडखळली ना? आपण तिला 'विजेची तुरटी' म्हणू या.

सांडपाण्यातल्या बारीक कणांवर बहुतेक वेळा ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगतच राहतात. वीज सुरू झाली की धन पट्टी हळूहळू विरघळते. तिच्यातून सुटलेलं ॲल्युमिनियम या कणांचं भांडण मिटवतं आणि त्यांचे चिकट पुंजके बनवतं. दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, ते काही पुंजक्यांना वर घेऊन येतात. आणि तुरटीतही ॲल्युमिनियमच असतं बरं का!

ही कल्पना जुनीच. 1889 च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम वेब्स्टर यांनी लोखंडी पट्ट्या वापरून तिथलं सांडपाणी असं साफ करून पाहिलं होतं. पण खर्च परवडेना.

मग आपल्या घाटकोपरला हे जमेल का? हिशेब करू. जानेवारी 2023 मध्ये मुंबईतल्या 7 सांडपाणी केंद्रांचं भूमिपूजन झालं. त्यांतल्या घाटकोपरच्या केंद्राची क्षमता आहे रोज 33 कोटी 70 लाख लिटर. लिटरमागे फक्त 20 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम लागेल असं धरा. गुणाकार करा पाहू. रोज पावणेसात टन धातू विरघळणार! वर विजेचं बिल आहेच. शिवाय पाण्यात पूर्ण विरघळलेली घाण, म्हणजे साखर, लघवीतला युरिया वगैरे, या पुंजक्यांच्या फारशी तावडीत सापडत नाही. ती फस्त करतात जिवाणू, तेही फुकट! त्यांना फक्त हवा लागते. म्हणून तर घाटकोपर आणि भांडुपच्या मोठमोठ्या तळ्यांत विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी सांडपाणी घुसळण्याची पद्धत आली. म्हणजे वीज तिथंही आहेच, पण जिवाणूंना श्वास पुरवायला.

आणि हे पाणी जातं कुठं? ठाणे खाडीत. तिथल्या चिखलात रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो चरतात, कोळीबांधव जाळी टाकतात. घाण किती उरली, ते त्यांना आपल्याआधी कळतं.

विजेची तुरटी शोभते ती छोट्या जागी. उदाहरणार्थ, धातूला मुलामा देणारे कारखाने. तिथलं पाणी थोडं, पण त्यातले जड धातू जिवाणूंना पचत नाहीत.

घरच्या विजेशी मात्र खेळू नका हं, अगदी गंमत म्हणूनही! त्यापेक्षा दोन ग्लासांत सारखंच गढूळ पाणी घ्या. एकात तुरटी फिरवा, दुसरा तसाच ठेवा. कुठल्या ग्लासातून पलीकडची अक्षरं आधी वाचता येतात, ते घड्याळ लावून पाहा.