साहेबाची बॅट आणि बाळूचा चेंडू

जालना जिल्ह्यातील केदारखेड्यास गेलो असता उन्हे उतरल्यावर पोरांचा क्रिकेटचा डाव पाहत उभा होतो. दगडांचे स्टंप, कडुलिंबाच्या फळकुटाची बॅट. त्यात एक काटकुळा पोरगा सारखा चेंडू टाकत होता. अंधार पडेतो त्याच्या हाती बॅट काही आली नाही. बॅटीचा मालक दुसराच होता ना! आणि मला एकदम पुण्याचा पाळवणकर बाळू आठवला.

बाळूची कथा सांगायची तर आधी एका साहेबाची सांगितली पाहिजे. जॉन ग्लेनी ग्रेग हा लष्करी अधिकारी. जन्म १८७१ चा, आणि तोही आपल्या महूचाच. त्याच्या नावाशी जुळते म्हणून दोस्तमंडळी त्याला ‘जंगली’ म्हणत. रजेवर विलायतेला गेला की हॅम्पशायरकडून खेळे. १९०१ मध्ये लँकेशायरविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. इकडे मुंबईत युरोपियन संघाचा तर तो कणाच होता. साहेब हौशी खेळाडू; म्हणजे खेळून पैसे घेणे त्याला कमीपणाचे. पण हौस भागवायला सराव हवा, आणि सरावाला चेंडू टाकणारा हवा!

तो चेंडू टाकणारा म्हणजे बाळू. जन्म १८७६, चांभार कुटुंबातला. वडील लष्कराच्या नोकरीत. पारशी क्लबात तीन रुपये महिना, मग साहेबांच्या क्लबात चार. रूळ फिरवायचा, जाळी बांधायची, आणि साहेबांना डावखुरी फिरकी टाकायची. आपल्याला बाद केलेस की दर वेळी आठ आणे, असा ग्रेगने वायदा केला होता म्हणतात. तसे असेल तर बाळूची बरी कमाई झाली असेल! मात्र त्या जाळीत बाळूच्या हाती बॅट कधीच दिली गेली नाही.

साहेबांवर रागावण्याआधी, वाचकहो, घरचेही पाहू. पुण्याच्या हिंदू संघाने बाळूला घेतले ते पुष्कळ काथ्याकूट करून. मैदानावर त्याचा चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे पेले आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

तरीही फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा त्या संघात बाळू होता आणि त्याचा भाऊ शिवरामही. १९११ च्या विलायत दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. एवढा पराक्रम करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला रीतसर कधी मिळाले नाही. ते मिळाले धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. आणि त्या वर्षी चौरंगी सामने हिंदूंनीच जिंकले.

ग्रेगसाहेब पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला आणि १९५८ मध्ये वारला. बाळू १९५५ मध्येच गेला. एकाने हौस म्हणून खेळ केला, दुसऱ्याने पोट म्हणून. पण साहेबाची जी फलंदाजी आपण वाखाणतो, ती बाळूच्या चेंडूवर घासून लखलखीत झाली होती, हे विसरून कसे चालेल?

केदारखेड्याहून निघताना त्या बॅटवाल्या पोराला म्हटले, “अरे, त्यालाही एक डाव दे की!” पोराने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि नाइलाजाने बॅट पुढे केली. काटकुळ्याचा पहिलाच फटका थेट कडुलिंबापार गेला!