दर आठवड्याचे सव्वादोन तास

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवक विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजकार्यास द्यावेत, असा तिचा दंडक आहे. या तासांचे मोल ते कोठे खर्ची पडतात यावर ठरते.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी यांवर हजारो संसार चालतात. अनेक घरांची बोली तेलुगू, तर मुलांची शाळा मराठी. तेंदूची पाने व तंबाखू आणून माता घरीच विड्या वळते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने हात थांबला की मिळकत थांबते. मुलाचा अभ्यास घेण्यास वेळ कोणाजवळ असणार?

अशा वस्तीत वह्यावाटपाचा समारंभ एका दिवसात आटोपतो. अडलेला भागाकार मात्र तसाच राहतो. त्यासाठी ठरल्या वारी येणारा दादा किंवा ताई हवी. तिला तेलुगू येत असेल तर दुधात साखरच. वर्षाचे १२० तास म्हणजे आठवड्यास सुमारे सव्वादोन तास.

ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा या संस्थेने शहरात वालचंद महाविद्यालये उभी केली. त्यासाठी समाजाने धन दिले. आता घरातील मुलामुलींचा वेळही द्यावा. परीक्षा आणि दुकान ही कारणे खरी आहेत; तथापि वायदा पाळणाऱ्याचीच बाजारात पत राहते, हे व्यापारी कुटुंबांस कोणी सांगावयास नको. वस्तीतील मूलही तीच पत पाहत असते.