डब्यातलं मीठ, डब्याबाहेरचं मीठ

मुंबई महापालिकेच्या २०२१ च्या आरोग्य पाहणीत शहरातल्या सुमारे ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला, आणि १८ टक्क्यांच्या रक्तात उपाशीपोटीची साखर वाढलेली होती. ९४ टक्के लोक भाज्या-फळं पुरेशी खात नव्हते. मला हा तिसरा आकडा सगळ्यात बोलका वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. घाटकोपरच्या खाऊगल्लीतलं फरसाण, मुलुंड स्टेशनबाहेरचा वडापाव, घरचं लोणचं-पापड यांतलं मीठ आपण मोजतच नाही. पावातही ते असतं. जादा सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं प्रमाण वाढतं आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतो. भाज्या-फळांतलं पोटॅशियम सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. (मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

साखरेचं गणित वेगळं. अंधेरीच्या ऑफिसात उघडणाऱ्या डब्यात पोळी, बटाट्याची भाजी आणि भात, म्हणजे पिष्टावर पिष्ट! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त उष्मांक नसावेत. बटाट्याऐवजी मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर आली, की प्रथिनं मिळतात आणि तंतूंमुळे साखर रक्तात हळू चढते. उसळीवर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे उसळीतलं लोह चांगलं शोषलं जातं.

औषधं चालू असतील तर ती आहाराच्या भरवशावर परस्पर बंद करू नका.