श्रीमंत देश कोणता?

अमेरिका आणि जपान, दोन्ही प्रगत देश. पण जास्त श्रीमंत कोण? २०२३ साली अमेरिकेचं दरडोई उत्पन्न जपानच्या दुपटीहून जास्त होतं. झालं, अमेरिका पहिली!

थांबा, घाई नको. त्याच वर्षी जपानी माणसाचं सरासरी आयुर्मान होतं सुमारे ८४ वर्षं, अमेरिकन माणसाचं ७८. जपानमध्ये १९६१ पासून सर्वांसाठी आरोग्य विमा आहे. अमेरिकेत २०२३ मध्येही सुमारे अडीच कोटी लोकांकडे तो नव्हता.

मग जपान पहिला? तिथे अतिकामामुळे येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा खास शब्दच आहे!

म्हणजे नुसत्या पैशाच्या पेपरवरून नंबर काढता येत नाही. आरोग्य आणि फुरसत हेही विषय आहेतच. तुम्ही कशाला जास्त मार्क द्याल? आई-बाबांनाही विचारा हं!