रात्रीच्या दुसऱ्या माणसाचा पगार

पहाटे ५

नाइटच्या मावशींकडून वही घेते तिथून माझा दिवस सुरू होतो. शाळेच्या दोनशेपानी वहीत पट्टीने रेघा मारलेल्या आहेत: खाट क्रमांक, वेळ, कूस डावी की उजवी, डायपर ओला की कोरडा, पाणी किती घेतलं. खामगाव-नांदुरा रस्त्यालगतच्या आमच्या वृद्धाश्रमात बत्तीस माणसं राहतात. चोवीस जण काठीने, वॉकरने का होईना, आपल्या पायांवर आहेत. आठ जण पलंगाला खिळलेले. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही.

आज खाट ७ समोर तीन वाजताची जागा रिकामी आहे. मी काही विचारायच्या आधीच मावशी सांगू लागतात, "ताई, चंद्राआजी अंधारात उठली, बाथरूमच्या उंबऱ्यावर धडपडून रायली होती. तिच्यापाशी धावली मी. मंग आबाले एकटीनं वळवता येईना. जड हायेत ते." रात्रीची दुसरी बाई काल आलीच नव्हती, तिच्या मुलाला ताप होता.

आबांना आम्ही दोघींनी चादरीसकट कुशीवर घेतलं. कंबरेखाली, माकडहाडावर, रुपयाएवढा लाल डाग. अशा डागावर बोटाने दाब द्यायचा आणि सोडायचा. दाबाखाली पांढरं पडून लाली परत आली, तर कातडीत रक्त फिरतंय. लाली जशीच्या तशी राहिली, तर जखमेची सुरुवात झाली. आबांची लाली हलली नाही. आज दिवसभर त्यांना पाठीवर टेकू द्यायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून नोकरी केली, तिथे असा डाग फारसा पाहायला मिळाला नाही. लोक जखम हाडापर्यंत पोचल्यावर यायचे.

सकाळी ६.३०

ग्लुकोमीटर, मग इन्सुलिन. नाश्ता शिजून ताटात आल्याशिवाय सुई टोचायची नाही, ही माझी एक हट्टाची गोष्ट. गॅस संपला, दूध उशिरा आलं आणि इन्सुलिन आधीच गेलेलं असलं, की माणूस घामाघूम होऊन बरळायला लागतो. "म्हातारपणी असंच होतं" म्हणून घरचे त्याला निजवतात.

सकाळी ८

स्वयंपाकघर. खोली पाहून झाली की नातेवाईक पहिलं इथेच डोकावतात आणि ताटावरून आश्रमाला मार्क देतात. खरं सांगायचं तर जेवण हा आमच्या खर्चातला सोपा भाग आहे. ज्वारी, तुरीची डाळ, हंगामात आंबाडी, शनिवारी खिचडी. वऱ्हाडातल्या माणसाला कढत वरणात कुस्करलेली भाकर मिळाली की फार मागणं नसतं. एक आजी रोज मला बजावते, "माय, पोळी नको वाढू मले. दात कुठी हायेत?" भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, म्हणजे दुपारपर्यंत मऊ राहते. अवघड काम वाढण्यानंतर सुरू होतं. आठांपैकी पाच जणांना भरवावं लागतं. एकाला नीट भरवायला पाऊण तास जातो, कारण डोकं उंच करून, घास गिळला की नाही ते पाहून मगच पुढचा चमचा. घाईत भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि आठवड्याभरात न्यूमोनिया होतो. ताट तेच, स्वयंपाक तोच. भरवणारा हात किती वेळ बसला, ते ताट पाहून कळत नाही.

सकाळी १०

गोळ्यांचे डबे भरणं. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा गेले. खर्च कमी झाला. आता रांगेत उभं राहायला आणि आजोबांना रिक्षातून न्यायला एक माणूस अर्धा दिवस द्यावा लागतो. आमच्या हिशेबात प्रत्येक फुकट गोष्टीच्या मागे असं एक माणूस असतं.

सकाळी ११

बहीण-भाऊ आलेत. भाऊ पुण्यात, हिंजवडीत नोकरीला. रात्रीच्या गाडीने शेगावला उतरून सरळ इकडे आला. बहीण घाटावरून, चिखलीहून. आई ७८ वर्षांची, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली. भावाच्या मोबाइलवर तक्ता तयार आहे: चार ठिकाणांचे दर, खोलीचा आकार, एसी, टीव्ही, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा. पुण्यात त्याला चाळीस हजार सांगितले. ज्येष्ठांसाठीची अथश्रीसारखी संकुलंही त्याने पाहिली, पण तिथे मुळात चालतीफिरती माणसं स्वतःच्या घरात राहायला जातात, त्याच्या आईचं प्रकरण वेगळं. आमचा आकडा त्याच्या तक्त्यात सगळ्यात खाली आहे. त्यामुळे त्याला जरा संशय आलेला दिसतो, आणि तो रास्त आहे.

"तुमचे पंधरा हजार कशाचे?" तो विचारतो.

मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवते. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्यात ४८ तास काम करायचं. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, रजा-आजारपण सोडून. पलंगावरच्या माणसाला एकट्याने वळवता येत नाही, म्हणून जागा दोन आणि माणसं सात. इथे एका मावशीला महिन्याला ११,००० देतो. ते कमी आहेत हे मलाही ठाऊक आहे. सात जणांचे ७७,०००, भागिले आठ. प्रत्येक खाटेमागे साडेनऊ हजारांच्या वर नुसते हातांचे गेले. उरलेल्या पाच-साडेपाच हजारांत जेवण, वीज, धुणं आणि पाण्याचा टँकर. डायपर वेगळे: दिवसाला चार, नग पस्तीस रुपये धरा, महिन्याचे ४,२००. ते तुम्ही आणून द्यायचे.

"म्हणजे एकोणीस," बहीण म्हणते. ती मघापासून मनातल्या मनात बेरीज करत होती.

भाऊ एसीच्या खोलीबद्दल विचारतो. बहीण विचारते, "रात्री किती जणी असतात?" माझ्या टेबलापुढे हा प्रश्न विचारणारी माणसं क्वचितच येतात. मी खरं ते सांगते: दोन असायला हव्यात, काल एकच होती. वही तिच्यापुढे ठेवते, तीन वाजताच्या रिकाम्या जागेसकट. हे पाहून गिऱ्हाईक जाईल असं आमच्या कारकुनाला वाटतं. तो दाराआडून मला खुणा करत असतो.

मग विषय निघतो तो धाकट्या भावाचा. शेत त्याच्या नावावर, आणि तो एक पैसा द्यायला तयार नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. पण निर्वाहभत्त्याची वरची मर्यादा महिना १०,००० रुपये. ती उठवण्याचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, तिथेच राहिलं. पलंगावरच्या आईचा खर्च एकोणीस आणि कायद्याची झेप दहा. त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे. राज्य सरकारला तशी मुभा आहे, सक्ती नाही. सक्ती नसलेल्या कामांचं काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको.

श्रावणबाळ योजनेचे दीड हजार आईच्या खात्यात येतात का, मी विचारते. येतात. ते तिच्याच खात्यात राहू द्या, असं मी सगळ्यांना सांगते. नातवाच्या हातावर पन्नास रुपये ठेवण्याची ऐपत तरी राहते.

दुपारी १

पंगत. आज एका व्यापाऱ्याच्या आईचं वर्षश्राद्ध, म्हणून जिलेबी आहे. परवा वाढदिवस होता, तेव्हा बुंदी. गजानन महाराजांच्या शेगावच्या इतक्या जवळ राहून अन्नदानाला कोण नको म्हणेल? लोक मनापासून देतात, स्वतःच्या हाताने वाढतात, आजीच्या पाया पडतात, फोटो काढतात आणि ८०जीची पावती आहे का विचारतात. प्रकट दिनाच्या सुमारास तर दिवस कमी पडतात. एका दुपारच्या जेवणासाठी दोन दाते भांडताना मी पाहिलेत. बत्तीस जणांपैकी साखरेचा आजार किती जणांना आहे ते माझ्या डब्यांवर लिहिलेलं आहे. पण पिवळीधमक जिलेबी पुढ्यात आली की त्यांच्यातले गुरुजी माझ्याकडे असं बघतात की मीच पाठ फिरवते. संध्याकाळी त्यांची साखर मोजायची, एवढंच ध्यानात ठेवते.

आजच्या दात्याला मी हात जोडून म्हटलं, "पुढच्या वर्षी आईच्या नावाने महिनाभराचा रात्रीच्या मावशीचा पगार द्या ना. जिलेबीइतकाच खर्च येईल." त्यांना ते जरा विचित्र वाटलं. पगार देऊन पुण्य कसं लागणार? फळ्यावर 'एक वेळचं जेवण', 'एक वेळचा नाश्ता' यांच्याखाली मी 'एक रात्र' असं लिहून ठेवलंय. डायपरसाठीही एक ओळ होती. ती बरी दिसत नाही म्हणून कोणीतरी पुसली.

दुपारी २ ते ४

घाटावर बुलडाण्याला वैशाखातही संध्याकाळ सुसह्य असते. इथे घाटाखाली पारा ४४ पर्यंत जातो. कूलरमध्ये पाणी, डोक्यावर ओला पंचा, दर तासाला सरबत. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, म्हणून विचारायचं नाही, पेला सरळ ओठांना लावायचा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त आठ खाटांचे पंखे.

दुपारी ४.३०

विश्वस्त आले. बँकेतून निवृत्त, माणूस प्रामाणिक, आश्रमाच्या पैशाचा चहासुद्धा घेत नाहीत. त्यांच्या हातात गेल्या तिमाहीचा ताळेबंद आहे आणि तूट भरून काढायला त्यांनी एक ओळ अधोरेखित केली आहे: रात्रपाळी, दोनऐवजी एक. "रात्री सगळे झोपलेलेच असतात, ताई."

सरकारी अनुदानाचा विषय आमच्यात आता निघत नाही. १९६३ पासून राज्याची वृद्धाश्रमांना अनुदानाची योजना आहे, १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम आले. अनुदानाचा माणशी आकडा मात्र वर्षानुवर्षे शेकड्यांतच राहिला. त्या आकड्यात डाळ-भाकर बसते, रात्र बसत नाही.

मी त्यांना पडझडीची नोंदवही देते. तारखा वाचू नका, म्हणते, वेळा वाचा. दोन, साडेतीन, पावणेपाच. लघवीला उठतात, अंधार असतो, झोपेच्या गोळीचा अंमल असतो, एका हाताने लुगडं सावरलेलं असतं. चंद्राआजी काल वाचली. खुब्याचं हाड मोडलं असतं तर? सत्तरीच्या वरच्यांना २०२४ पासून आयुष्मानचं कार्ड आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. शस्त्रक्रिया कदाचित त्यात निघाली असती. अकोला इथून पन्नासेक किलोमीटर, तिथे पंधरा दिवस जवळ कोणी राहायचं? आणि परत आल्यावर तीन महिने उचलायचं, धुवायचं, बसवायचं? ते कुठल्याच कार्डावर नाही. चालत्या आजीची खाटेवरची आजी झाली की तिच्यामागचा खर्च दुप्पट होतो, आणि ती फक्त साडेआठ हजार भरते.

हिशेबाच्या माणसाला हिशेब पटतो. दुसरी मावशी राहिली. तूटही राहिली. एसी खोल्यांचं भाडं वाढवायचं आणि कार्यालयाचं रंगकाम पुढे ढकलायचं ठरलं. रंगाबद्दल ते नाराज दिसले, कारण नवीन माणसं आधी भिंती बघतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

सायंकाळी ६.३०

हरिपाठ. गुरुजींची साखर २८६.

रात्री ८.३०

पाळीबदल. दोघी मावशी हजर. तापाचं लेकरू आजीकडे ठेवून दुसरी आली आहे. मी प्रत्येक खाटेशी उभी राहून तोंडी सांगते, कारण वही वाचायला त्यांना सवड मिळेलच असं नाही. खाट ७, पाठीवर नाही, मांडीत उशी. चंद्राआजीच्या खाटेखाली दिवा, आणि दोन वाजता तिला आपणच उठवून न्यायचं, तिने उठायची वाट बघायची नाही.

पावणेनऊला पुण्याच्या भावाचा फोन. परतीच्या गाडीत आहे, मागे डब्यातला गलका ऐकू येतो. "एसी नको, कूलरची खोली चालेल," तो सांगतो. "बहीण म्हणते, त्यात वाचतील ते रात्रीच्या पगारात घाला. असं चालतं का तुमच्याकडे?" चालतं, मी म्हणते, पावती वेगळी देईन. शनिवारी आणतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, सकाळी दहाच्या आत आणा, ऊन चढल्यावर नको. डॉक्टरांच्या नुसत्या चिठ्ठ्या नकोत, घरात असतील तेवढी गोळ्यांची सगळी पाकिटं आणा, अर्धी संपलेलीसुद्धा. आणि आईला आधी सांगा कुठे नेताय ते. दवाखान्यात नेतो म्हणून आणू नका.