रस्त्यावरचे गालिचे : सर्वांच्या हातांनी घडणारी भक्ती

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात अँटिग्वा नावाचे जुने शहर आहे. १७७३ सालच्या भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले. तोवर त्या प्रदेशाची राजधानी तेथेच होती. प्रायश्चित्तकाळात, विशेषतः पवित्र सप्ताहात, प्रभू येशूच्या दुःखसहनाच्या मूर्ती खांद्यांवर घेऊन तेथे मोठ्या मिरवणुका निघतात. त्या ज्या दगडी रस्त्यांवरून जातात, त्यांवर भाविक रंगीबेरंगी गालिचे घालतात. स्पॅनिश भाषेत त्यांना ‘आल्फोम्ब्रा’ म्हणतात. हे गालिचे लोकरीचे नसून लाकडाच्या भुशाचे असतात.

भुसा आधीच जमवून, चाळून, निरनिराळ्या रंगांत रंगविलेला असतो. प्रथम रस्त्यावर वाळू किंवा साधा भुसा पसरून खाचखळगे बुजवितात. मग पुठ्ठ्याचे वा लाकडाचे साचे ठेवून त्यांतून रंगीत भुसा गाळतात. नक्षी मोडू नये म्हणून आडव्या टाकलेल्या फळ्यांवर बसून काम चालते. वाऱ्याने भुसा उडू नये यासाठी त्यावर पाणी शिंपडतात. ज्यांच्यापाशी साचे नसतात, ते पाइनची हिरवी पाने, फुले आणि फळे हाताशी येतील तशी मांडतात. आपल्या दारासमोरचा गालिचा घरातील थोरामोठ्यांनी, मुलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून, प्रसंगी रात्रभर जागून पूर्ण करायचा असतो. वाटेने जाणाऱ्या पाहुण्यालाही कधी मूठभर भुसा देऊन सामील करून घेतले जाते.

मिरवणूक येते आणि मूर्ती वाहणाऱ्यांच्या पावलांखाली ती नक्षी काही क्षणांतच विस्कटते. मागोमाग सफाई कामगार रस्ता झाडून घेतात. याचे कोणी दुःख मानत नाही, कारण तो गालिचा प्रदर्शनासाठी नसून अर्पण म्हणून घातलेला असतो. २०२२ साली युनेस्कोने ग्वाटेमालाच्या पवित्र सप्ताहाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला. इटलीतील जेंझानो गावीही १७७८ सालापासून ख्रिस्तशरीराच्या सणानिमित्त फुलांचा गालिचा घालण्याची परंपरा आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, उंबऱ्यासमोर रांगोळी काढणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला ही कला परकी वाटू नये. सणाची सारी सजावट कंत्राटदाराकडे सोपविली, की मंडप देखणा होतो. परंतु भाविक मात्र प्रेक्षक होऊन बसतात. ज्याने खाली बसून चार पाकळ्या मांडल्या, त्याला तो सण आपला वाटतो. रेघ वाकडी आली तरी चालेल. शेजाऱ्याशी अबोला असेल, तर एकाच टोपलीतील फुले उचलताना तो सुटण्याची शक्यता असते.

आपल्या धर्मग्रामातील पुढच्या मिरवणुकीच्या वेळी वाटेचा निदान एक तुकडा सर्वांसाठी मोकळा ठेवावा. फुले, पाने आणि रांगोळी तेथे ठेवावी, लहानथोरांना बोलवावे आणि नक्षी त्यांच्यावरच सोपवावी.