कंपवाताची शस्त्रक्रिया आणि नंतरचा संसार

लंडनच्या जेम्स पार्किन्सन ह्या वैद्यानें १८१७ सालीं ज्या रोगाचें वर्णन केलें, त्यास आपण कंपवात म्हणतों. हात कांपणें, अंग ताठरणें, हालचाल मंदावणें हीं त्याचीं लक्षणें. औषधांचा गुण पुरेसा टिकेनासा झाला म्हणजे निवडक रोग्यांच्या मेंदूंत खोलवर बारीक विद्युत्तारा बसवितात आणि छातीच्या त्वचेखालील बॅटरीच्या यंत्रांतून त्यांस मंद प्रवाह देतात. फ्रान्समध्यें डॉ. बेनाबीद ह्यांनीं १९८७ सालीं ह्या पद्धतीचा पाया घातला. मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत ती वीसांहून अधिक वर्षें चालू आहे.

कांपणारा हात स्थिर झाला म्हणजे सारें सुरळीत होईल, असें आपणांस वाटतें. परंतु २००६ सालीं पॅरिसच्या डॉक्टरांनीं अशा २९ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां निराळेंच दिसलें. शरीर सुधारूनही कित्येकांस संसाराशीं, कामधंद्याशीं आणि स्वतःशींच जुळवून घेणें कठीण गेलें होतें.

ह्याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. आमच्या शुक्रवार पेठेंतील एखादें घर डोळ्यांपुढें आणा. दहा वर्षें सदऱ्याच्या गुंड्या पत्नी लावते, हिशेब मुलगा पाहतो. सारें घर रोगाभोंवतीं बसलेलें असतें. आतां गृहस्थ म्हणतो, "वही माझ्याकडे द्या." मुलास तें अविश्वासासारखें वाटतें; पत्नीस तो एकटा बाहेर पडल्यास पडेल अशी धास्ती वाटते. कोठें ह्याच्या उलट घडतें. घरचे म्हणतात, "आतां बरे झालांत ना?" आणि तो मात्र खिन्न बसून राहतो.

ही खिन्नता आळस नव्हे. औषधें कमी केल्यानें ती येऊं शकते. क्वचित् उतावळेपणा अथवा उधळेपणाही दिसतो. अशा वेळीं रागें भरूं नये, डॉक्टरांस कळवावें. शिवाय रोग समूळ जात नाहीं, वाणी आणि तोल सुधारतीलच असें नाहीं, आणि यंत्राचा प्रवाह जुळविण्यास कित्येक महिने लागतात, हें आधींच सर्वांस ठाऊक असावें.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच घरांत बोलणें व्हावें: कोणाची काय अपेक्षा आहे, कोणतें काम प्रथम परत द्यावयाचें. नंतर एकेक काम सोंपवावें. वर्षानुवर्षें शुश्रूषा केलेल्या पत्नीसही विश्रांति हवी, हें विसरूं नये. पुण्याचें पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईंत २००१ सालीं स्थापन झालेली पार्किन्सन्स सोसायटी रोग्यांस व आप्तांस एकत्र आणतात. त्यांचा आधार घ्यावा. हात शस्त्रवैद्य स्थिर करील. त्या हातास घरांत पुन्हां काम देणें हें मात्र आपलें कर्तव्य आहे.